फुटपाथचे नवे ब्लॉक दिसतात, जुने कुठे गेले?

खातेवही

नमस्कार मंडळी. १९९४ पासून नवी मुंबईत राहते. पालिका कुठली, सेक्टर कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. सोसायटीतले निम्मे लोक इथे वाचतात आणि उरलेल्यांची ठेकेदाराशी ओळख आहे.

विषय आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंतच्या फुटपाथचा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी पिशवी घेऊन खाली उतरले तर पहारीने ब्लॉक उचकटणं चालू. चांगले धडधाकट ब्लॉक हो! तीन-चार खचलेले, गुलमोहराच्या मुळाशी पाच-सहा वर आलेले, बस्स. हे बसवले २०२१ ला दिवाळीच्या तोंडावर. पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी कंदील लावायला शिडी टेकवायची पंचाईत झाली होती. त्याआधीचे २०१७ चे. म्हणजे नऊ वर्षांत तिसऱ्यांदा. माझ्या स्वयंपाकघरातली फरशी अजून १९९४ चीच आहे.

मुकादमाला विचारलं, "का काढताय?" तर म्हणाला, "नवीन येतायत ना मॅडम, मग?" जणू माझ्या घरी पाहुणे येणार आहेत. कामाचा फलक शोधला, कुठेही नाही.

नव्या कामाचा खर्च माहिती अधिकारात मिळतो, हे मला ठाऊक आहे. मला जुन्यांचं विचारायचंय. दोन दिवसांत सगळा माल ४०७ टेम्पोत भरून गेला. गॅलरीत भाजी निवडता निवडता मी खेपा मोजल्या, अकरा. पतपेढीत २६ वर्षं कीर्द-खतावणी लिहिलीय मी. आमच्याकडे मोडकं कपाट भंगारात दिलं तरी त्याची जमा पडायची, नाही पडली तर ऑडिटर खुर्चीपाशी येऊन उभा. इथे अकरा टेम्पो माल गेला तो कुठल्या खात्यात जमा झाला?

त्यातला एक ब्लॉक मी उचलून आणलाय. (चोरी म्हणा हवं तर. घरपट्टी वेळेवर भरते.) नव्यातलाही एक कडेला पडला होता, तोही आणला. शिवणाच्या टेपने मोजलं. जुना बरोबर सहा सेंटिमीटर जाड, नवा पाचाच्या जरासा वर. दोन्ही सध्या तुळशीच्या कुंडीखाली आहेत आणि कुंडी तिरकी झालीय.

कुणी असं काही विचारून पाहिलंय का? नेमका कुठला कागद मागायचा?

सव्वाआठची_लोकल

ताई, सोडा. जुने ब्लॉक कुणाच्या तरी फार्महाऊसच्या अंगणात गेले असणार, त्यांना चांगलं घर मिळालं. तुमचं बीपी वाढेल तेवढंच.

निवृत्त_ओव्हरसियर

सोडू नका. याच जिल्ह्यातल्या एका पालिकेत (तुमच्या नव्हे) नोकरी केली, म्हणून सांगतो.

"खर्च किती झाला" असं विचारलंत तर एका ओळीत एक आकडा येईल, त्याचं लोणचं घाला. कागदाचं नाव घेऊन मागा. अंदाजपत्रक, कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा हुकूम), मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) त्या कामाची पानं आणि देयक, म्हणजे बिल. अंदाजपत्रकात वरच्या एक-दोन ओळींतच बहुधा "जुने ब्लॉक काढणे, वापरण्याजोगे वेगळे रचून ठेवणे" अशी बाब असते, आणि तिचे पैसे ठेकेदाराला वेगळे मिळतात. मग निघालेला माल एक तर त्याच कामात परत वापरला, किंवा पालिकेच्या गोदामात जमा झाला, किंवा त्याची किंमत बिलातून वजा झाली, यातलं काहीतरी कागदावर दिसलं पाहिजे. तुमचा प्रश्न बरोबर जागी लागलाय. बहुतेक लोक नव्याचा दर विचारतात. जुन्याचं विचारणारा माझ्या नोकरीत एकच भेटला, तो भंगारवाला होता.

अर्ज १५० शब्दांच्या आत, विषय एकच, वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. "असं का केलं" हे लिहू नका. कारण विचारलं की "ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर तयार असतं. ३० दिवसांत काही आलं नाही तर पुढे कागद फुकट द्यावे लागतात, आणि प्रथम अपील करता येतं. त्यापुढचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. ते बेलापूरला कोकण भवनातच आहे, लांब जायला नको.

आणि कुंडीखालचा ब्लॉक पुरावा म्हणून चालणार नाही, कुणीही म्हणेल की घरून आणला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क आहे, तो मागा. कार्यादेशात ६० मि.मी. लिहिलं असेल तर मग बोलायला जागा आहे. ५० लिहिलं असेल तर नाही.

तिसरा_मजला

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आमच्या इथले "धडधाकट" ब्लॉक पावसाळ्यात शेवाळून असे झाले होते की वडील घसरले, मनगट मोडलं. फुटपाथ परत केला तर लगेच भ्रष्टाचार म्हणणंही बरोबर नाही. शिवाय केबल किंवा गॅसची लाइन टाकायला खोदलं असेल तर त्या कंपनीकडून पालिका खोदाईचे पैसे आधीच घेते. तो खर्च तुमच्या घरपट्टीतला नसेलही.

खातेवही

@तिसरा_मजला, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. रागवत नाही, पण केबलवाले आमच्याकडे आले ते काम झाल्यावर पंधरा दिवसांनी. नवा फुटपाथ मधोमध चिरला आणि वर माती लोटून गेले. त्या मातीत आता माझी काठी रुतते. 🙂

@ओव्हरसियर दादा, छापून घेतलंय.

कोपरी_पूर्व

ठाण्यातून लिहितोय. जमा-खर्च विचारणारंच मधली काही वर्षं कुणी नव्हतं, हेही लक्षात घ्या. नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० ला संपली, ठाण्याची मार्च २०२२ ला. पुढचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक. १९४९ च्या महापालिका कायद्यात आयुक्ताने प्रस्ताव आणायचा आणि १६ जणांच्या स्थायी समितीने तो घासूनपुसून मंजूर करायचा अशी रचना आहे. ते १६ जण काय घासतात हे आपण जाणतो, तरी निदान विरोधक दोन ओरडायचे आणि ते पेपरात यायचं. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. मी असा ठराव वाचलाय. स्वतःच स्वतःला विनंती केलेली आणि ती मान्यही केलेली!

आता पॅनेलला, म्हणजे एकेका प्रभागाला, चार-चार नगरसेवक आहेत. चौघांना एकाच कागदावर लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं तर "तो भाग त्यांच्याकडे" हे चारदा ऐकाल.

निवृत्त_ओव्हरसियर

एक राहिलं. राज्य सरकारचा २०१८ चा शासन निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना पालिका कार्यालयात कागद पाहता येतात. अर्जाच्या उत्तराची वाट बघत बसण्याआधी तिथे जाऊन या. निर्णयाची प्रत बरोबर न्या, नाहीतर "असं काही नसतं" ऐकून परत याल.

खातेवही

जाऊन आले. उशीर झाला, मध्ये नातीची परीक्षा होती.

पहिल्या सोमवारी "साहेब साइटवर". दुसऱ्या सोमवारी प्रत टेबलावर ठेवली आणि डबा घेऊन बसले. पावणेचारला फाइल आली. क्लार्क पोरगी चांगली होती, म्हणाली, "काकू, हे बघायला कुणी येतच नाही." तिने पंखा माझ्याकडे वळवला.

मोजमाप पुस्तिका बघून मला भरूनच आलं. तसेच रकाने, तशीच बारीक अक्षरं, एका पानावर चहाचा गोल डाग. जाडी ६० मि.मी. लिहिलीय. जुने ब्लॉक काढणे, ३१८ चौरस मीटर. पुढे शेरा हा रकाना. कोरा. गोदामाची पावती फाइलला नाही, बिलात वजावट नाही.

घरी येऊन नातीला टेपचं एक टोक धरायला लावून फुटपाथ मोजला. शिवणाचा टेप दीड मीटरचा, ८० वेळा टाकला. १२० मीटर लांब, १.८ रुंद. २१६ चौरस मीटर होतात. १०२ चा फरक.

निवृत्त_ओव्हरसियर

ताई, घाई नको. समोरच्या बाजूचा तुकडा त्याच कामात धरलेला असू शकतो. पण एक हिशेब करून बघा. ६० मि.मी. जाडीचा ब्लॉक चौरस मीटरला साधारण १३५ ते १४० किलो भरतो. २१६ चे झाले तीस टन, ३१८ चे चव्वेचाळीस. ४०७ मध्ये ठासून भरलं तरी तीन टनांच्या आसपासच. तुमच्या अकरा खेपा कुठल्या आकड्याला जुळतात, बघा.

खातेवही

तीस टनाला जुळतात. पण खरं सांगायचं तर दुपारी दीड ते साडेतीन मी झोपते, तेव्हाच्या खेपा मोजलेल्या नाहीत. म्हणून यावर उड्या मारणार नाही.

अर्ज टाकलाय, १४३ शब्दांत. निघालेल्या मालाची नोंद, गोदामाची पावती आणि नव्या ब्लॉकचा नमुना मागितलाय. दोन ब्लॉक कुंडीखालून काढून धुऊन ठेवलेत.

समोरची बाजू मोजायची राहिलीय. तिथे स्कूटर लावलेल्या असतात आणि नात म्हणते, "आजी, लोक बघतात." शनिवारी सकाळी सात वाजता जाणार आहे. कुणाकडे तीस मीटरचा टेप असेल तर घेऊन या, निरोपात पत्ता देते. चहा माझ्याकडे.

सव्वाआठची_लोकल

माझ्याकडे आहे. शनिवारी सुट्टीच आहे. येतो.