बाईंच्या स्मृतीसाठी दरवर्षी संगीतसभा : वेळ, साथ, ध्वनी, पैसा आणि जुन्या कॅसेट

सहकारनगर_रसिक

नमस्कार मंडळी. आमच्या भागात ग्वाल्हेर गायकी शिकवणाऱ्या बाई यंदा गेल्या. शिष्य आणि शेजारी मिळून त्यांच्या नावाने दरवर्षी सभा करायचं ठरतंय. १५० खुर्च्यांचं सभागृह, पहिल्या वर्षी हाताशी दीड लाख. बाईंचा स्वर काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी). सकाळचे राग, टप्पा (झपाट्याच्या तानांचा गानप्रकार) आणि अष्टपदी (गीतगोविंदातली पदं) यांत त्या रमायच्या. सभा सकाळी ठेवावी की संध्याकाळी? साथ आणि ध्वनीत काय सांभाळावं? संस्था नोंदवावी का? त्यांच्या शिकवणीच्या कॅसेटही आहेत, त्यांचं काय करावं?

जवारी

सकाळीच ठेवा. पुण्यात संध्याकाळच्या कार्यक्रमांना तोटा नाही. ध्वनिक्षेपकावर रात्री १० ची मर्यादा आल्यापासून रात्रभराच्या बैठका थांबल्या आणि ललित, रामकली, तोडी समोर बसून ऐकणं फार कमी झालं. बाईंचा ओढाच तिकडे होता, तर त्यांच्या नावाची सभा दुसऱ्या वेळी कशाला?

जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. साडेसहाला सुरुवात केली तर ललित खऱ्या वेळेला होतो, मग भैरव किंवा रामकली, साडेआठला तोडी आणि शेवटी भैरवीतला टप्पा. दोनच कलाकार घ्या: आधी शिष्यांपैकी कुणी ४० मिनिटं, मग मुख्य गायक दीड तास. तीन कलाकार बसवले की प्रत्येकाचा ख्याल आखडतो. डिसेंबरात सवाई (सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव) असतो, तेव्हा कलाकार आणि श्रोते दोन्ही गुंतलेले असतात. तो महिना सोडा.

तबलावादक निवडताना फक्त नाव पाहू नका. ग्वाल्हेरचा विलंबित (संथ) ख्याल तिलवाडा किंवा झुमरा तालात येतो. तो ठेका भरणा न करता स्वच्छ धरणारा आणि टप्प्याचा पंजाबी ठेका माहीत असणारा माणूस हवा. गायकाचा स्वर आमंत्रण देतानाच विचारून घ्या. काळी चारला मोठ्या तोंडाचा तबला लागतो, पुरुष गायक काळी एकला गाणार असेल तर लहान तोंडाचा. ऐन वेळी ओढून किंवा उतरवून चालत नाही, शाईचा (तबल्यावरच्या काळ्या लेपाचा) नाद बसतो.

तानपुऱ्यांचंही तसंच. काळी चारसाठीची जोडी काळी एकपर्यंत उतरवली की तारा सैल पडतात आणि जवारी (घोडीवरून उठणारा तारेचा गुंजारव) बोलत नाही. पुरुष गायक असेल तर मोठ्या भोपळ्याची वेगळी जोडी आणा. ललितात पंचम नाही, त्यामुळे पहिली तार मध्यमाला लागेल. पुढच्या रागासाठी ती परत पंचमाला न्यायला पाच मिनिटं राखून ठेवा.

लावणं मात्र रंगमंचावरच, दिवे लावलेल्या अवस्थेत, तासभर आधी. उष्णतेने तार प्रसरण पावून उतरते. त्याच वेळी तबल्याचं कातडं सुकतं आणि चढतं. दोघं उलट दिशेला जातात, म्हणून ग्रीनरूममध्ये जुळवलेली जोडी मंचावर दहा मिनिटांत बिघडलेली वाटते. एसी असेल तर पहिल्यापासून चालू ठेवा किंवा शेवटपर्यंत बंद. मध्येच लावू नका.

ध्वनिमंच

१५० खुर्च्यांना पाच माइक पुरे: गळा, दायाँ (उजव्या हाताचा तबला), डग्गा, पेटी आणि तानपुऱ्यांच्या जोडीत एक. आधी तानपुऱ्याची पातळी ठरवा, त्यावर गळा, मग पेटी आणि सर्वांत शेवटी तबला. उलट क्रमाने गेलात की सगळेच आवाज चढत जातात. तबला मुळातच मोठा वाजतो. एवढ्या जागेत दायाँला नुसता आधार पुरतो.

शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा मॉनिटरमुळे (गायकाला स्वतःला ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर). गळ्याचा माइक एका बाजूने ऐकणारा (कार्डिऑइड) घ्या आणि मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीमागच्या दिशेला ठेवा. मॉनिटरमध्ये गळा आणि तानपुरा एवढंच द्या. गायक एक वीत अंतरावर असावा. तानेत मागे आणि खर्जात पुढे होणारे गायक स्वतःच आवाज सांभाळतात, ध्वनियंत्रकाने तिथे हात घालू नये. कृत्रिम घुमारा जवळजवळ नकोच. टप्प्यातल्या बारीक दाणेदार ताना त्यात विरघळून जातात आणि मग गायकाने केलेली मेहनत मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाही.

मंचावरचे पंखे बंद ठेवा. माइकमध्ये वारा शिरतो आणि पंख्याची खडखड रेकॉर्डिंगमध्ये कायमची बसते. रेकॉर्डिंगला कलाकारांची लेखी परवानगी आधीच घ्या. यूट्यूबवर टाकणार असाल तर तेही त्यात स्पष्ट लिहा.

हिशेबवही

पहिल्याच वर्षी संस्था काढायची घाई नको. पण पैसा कुणाच्या वैयक्तिक खात्यावरही घेऊ नका. एखाद्या नोंदणीकृत संगीतसंस्थेला सोबत घ्या आणि तिच्या पावत्या वापरा. दोन-तीन वर्षं सभा नीट झाली की स्वतःची संस्था करा. १८६० च्या कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात. शिवाय महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०जी मान्यता ही त्यानंतरची स्वतंत्र पायरी. २,००० रुपयांवरची देणगी रोख घेतली तर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआयच.

दीड लाखात निम्म्याहून अधिक रक्कम कलाकार आणि साथीदारांसाठी ठेवा, त्याखालोखाल ध्वनी. साथीदारांचं मानधन वेगळं ठरवा, मुख्य कलाकाराच्या पाकिटातून त्यांना किती मिळेल हे नशिबावर सोडू नका. शास्त्रीय गायनवादनाच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटी लागत नाही. टीडीएसचं तुमच्या सीएंना विचारा. फ्लेक्स, स्मृतिचिन्हं आणि पुष्पगुच्छ यांत पैसे जातात ते टाळता येतात. नारळ आणि शाल पुरे.

सभा टिकवायची तर कायम निधी उभारा, म्हणजे मूळ रक्कम न मोडता फक्त व्याज वापरायचं. १० लाखांवर ७ टक्के धरले तरी ७०,००० येतात, म्हणजे जवळजवळ अर्धी सभा निघते. मात्र ‘कायम निधीसाठी’ असं देणगीदाराकडून लेखी घ्या. तसं नसेल तर ती रक्कम चालू उत्पन्नात धरली जाते.

फीतसंग्रह

कॅसेट लगेच लावू नका. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणकाराकडे द्या. तुमच्या डेकवर फिरवलीत तर बुरशी बाकीच्या कॅसेटांत पसरेल. उरलेल्या आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुढे आणि मागे फिरवा, वर्षानुवर्षं पडून फीत चिकटलेली असते. सी-९० ची फीत पातळ असते, तिला हळू. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रत्येक कॅसेटला हेडचा कल (अझिमथ) छोट्या स्क्रूने जुळवा. तानपुरा सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथे थांबा. नोंद ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला करा.

रेकॉर्डर जुने आणि बॅटऱ्या उतरलेल्या असल्या की वेग चुकतो आणि स्वर सरकतो. बाईंचा स्वर काळी चार होता हे माहीत आहे, तेव्हा षड्ज (सा) तिथे येईल इतका वेग बदला. पण मूळ न बदललेली प्रतही ठेवा, कारण शिकवताना त्या कधी खाली लावून गात असतील. सगळ्यात आधी बंदिशींच्या शब्दांची यादी करा. ज्यांना बाईंनी समोर बसवून शिकवलं ते शिष्य आत्ता शब्द ओळखतील, पुढे ते अवघड होत जाईल.

सहकारनगर_रसिक

खूप आभार. सकाळ नक्की. भाषणांना किती वेळ द्यावा? घरच्यांची आणि विद्यार्थ्यांची बोलायची इच्छा आहे.

जवारी

सगळी मिळून दहा मिनिटं आणि तीही मध्यंतरानंतर, ललित लागायच्या आधी अजिबात नाही. एकाच शिष्याने बोलावं. मोठं लिखाण छोट्या पुस्तिकेत घाला. त्यात बाईंच्या दोन बंदिशी स्वरलिपीसह छापा आणि त्याच दिवशी शिष्यांकडून त्यातली एक गाऊन घ्या.