अनुभव धागा : जुनं घर घेतलं, दुरुस्त करून भाड्याने द्यायला काढलं, आणि मग काय काय बाहेर आलं?

ओटा :

डागडुजीला आलेलं घर कागदावर नेहमी परवडतं. भाव पडलेला, घासाघिशीला जागा, वर रंगरंगोटी करून भाडेकरू ठेवला की हप्ता परस्पर फिटेल असा हिशोब. त्या हिशोबात न धरलेला खर्च भिंतीच्या आत, फरशीखाली, छतावर नाहीतर कागदपत्रांत बसलेला असतो. स्वतः राहायला घेतलेल्या घरात माणूस एक खोली बंद ठेवून सवडीने काम काढतो. गुंतवणुकीच्या घराला ती मुभा नाही. काम चालू आहे तोवर भाडं शून्य. व्याज, कर आणि विमा मात्र थांबत नाही.

म्हणून इथे लिहा : काय दिसलं नव्हतं, ते कशाने उघडं पडलं, आणि आधी कळावं अशी एखादी खूण होती का. कंत्राटदारांची नावं नकोत, खुणा हव्यात.

सुरुवात मी करते. तळमजल्याच्या खोलीत तीन भिंती जुन्या रंगाच्या आणि बाहेरच्या बाजूची एकच ताजी रंगवलेली होती. पहिल्या पावसानंतर त्याच भिंतीला कमरेच्या उंचीपर्यंत पोपडे धरले आणि पांढरा लोणा फुटला. मिस्त्रीने गिलावा खरवडला तर आत आधीच एकदा सिमेंटचा जाड थर मारून ओल दाबलेली दिसली. दाबलेली ओल जात नाही, ती वर चढते.

खरं कारण घराबाहेर निघालं. अंगणात वर्षानुवर्षं जुन्या फरशीवर नवी फरशी टाकत गेले होते. पायाच्या वर, जमिनीतली ओल अडवण्यासाठी भिंतीत जो ओलरोधक थर असतो, तो त्या भरावाखाली गाडला गेला होता. त्यामुळे माती थेट वरच्या विटांना टेकली होती. उपाय फार महाग नव्हता : बाहेरचा भराव उतरवला, भिंतीलगत चर काढून पाणी लांब नेलं, आतला गिलावा साधारण मीटरभर उंचीपर्यंत काढून टाकला. महाग पडला तो वेळ. ओली वीटभिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला सुमारे एक महिना धरतात. म्हणजे ९ इंची भिंतीला पाऊण वर्ष. घाई करून वर रंग लावला की पुन्हा पोपडे. ते पाऊण वर्ष कुठल्याच हिशोबात नव्हतं.

तेव्हापासून मी घर बघायला गेले की आधी बाहेरून चक्कर मारते. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किती खाली आहे, हे बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

गवाक्ष :

ओटा, वाळण्याच्या काळाचा मुद्दा लाखमोलाचा आहे. मी बांधकामात आहे, आणि भाड्यासाठी दोन जुनी घरंही सांभाळतो. काँक्रीटबद्दल लिहितो, कारण लोक भिंतीचे तडे बघतात आणि कॉलम विसरतात.

एका जुन्या इमारतीतला फ्लॅट होता. आतून नीटनेटका. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला कॉलम लाकडी फळ्यांनी झाकून त्यावर शोभेची मांडणी केलेली. विकणाऱ्याला विनंती करून एक फळी काढायला लावली. आत कॉलमला उभा तडा, अगदी सळीच्या रेषेत, आणि खालच्या अंगाला तांबूस ओघळ. हातोडीने हलकेच ठोकलं तर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला आणि तळहाताएवढी खपली हातात आली. सळी पापुद्र्यांनी सुटत होती.

नवं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (अल्कता मोजायचा आकडा, म्हणजे पीएच) १२.५ ते १३ च्या आसपास. त्यामुळे आतली सळी गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि सामू ९ पर्यंत खाली येतो. तो पट्टा सळीपर्यंत पोचला आणि ओलही मिळाली, की गंज सुरू. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतं आणि आतून काँक्रीट फोडतं. म्हणून असा तडा बाहेरून भरून काही होत नाही. गिलाव्याने झाकलेला कॉलम वर्षा-दोन वर्षांत पुन्हा त्याच रेषेत फुटतो.

तपासणी सोपी आहे. काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे अल्कता दाखवणारं रसायन फवारतात. गुलाबी झालं तर तो भाग अजून शाबूत. रंगच आला नाही तर तिथवर अल्कता गेली. रंगहीन पट्टा सळीच्या मागे गेला असेल तर दुरुस्ती वरवरची राहत नाही. टेकू लावून भार उचलायचा, सळीच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडायचं, गंज साफ करायचा, झिजलेल्या सळीला जोड द्यायची, वर नव्या काँक्रीटचा वेढा घालायचा. त्या वेढ्याने कॉलम जाड होतो आणि खोलीतली जागा खातो. शिवाय तो कॉलम एकट्या तुमचा नाही, वरच्या-खालच्या मजल्यांचाही आहे. त्या सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय काम सुरू होत नाही, आणि भाडं खुंटल्याची घाई फक्त तुम्हालाच असते. तो फ्लॅट मी सोडला.

पागोळी :

माझा अनुभव सांडपाण्याचा.

घर बरेच महिने रिकामं होतं. दाखवताना नळ सोडला, पाणी आलं, फ्लश ओढला, गेलं. भाडेकरू कुटुंब राहायला आल्यावर काही आठवड्यांतच न्हाणीघराच्या जाळीतून पाणी उलटं येऊ लागलं. रिकाम्या घराची नळी मिनिटभराचं पाणी गपगुमान गिळते. तीन-चार माणसांच्या रोजच्या वापराखाली तिचं खरं रूप कळतं.

कॅमेरा आत सोडला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. जुन्या मातीच्या नळ्यांच्या सांध्यांतून बाहेरच्या झाडाची मुळं आत शिरली होती. आणि मधल्या खोलीला नंतर जोडलेल्या न्हाणीघराच्या नळीला उतारच नव्हता, उलट मधे पोट पडलं होतं. १०० मिलिमीटरच्या नळीला ४० ला १ असा उतार साधारण धरतात, म्हणजे चार मीटरला १० सेंटिमीटर. नंतर जोडलेल्या न्हाणीघरात तेवढी खोली मिळतेच असं नाही, म्हणून कुणीतरी नळी जवळजवळ आडवी टाकून वर सुंदर टाइल बसवली होती. ती सगळी टाइल उखडावी लागली.

आता मी घर बघताना सगळे नळ एकदम सोडते, बादल्या भरून एकाच वेळी ओतते, फ्लश लागोपाठ ओढते आणि बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून उभी राहते. पाणी झर्रकन आलं पाहिजे. चेंबरच्या भिंतीवर वरपर्यंत वाळलेल्या घाणीची रेघ असेल तर तिथे पूर्वी तुंबलेलं आहे, हे नक्की. चेंबर फरशीखाली बुजवलेला असेल तर तो उघडून दाखवल्याशिवाय पुढचं बोलणं नको.

कडीकोयंडा :

वीज. थोडक्यात लिहितो.

नवा चकचकीत बोर्ड, नवी बटणं, तीन पिनांचे सॉकेट. इलेक्ट्रिशियनने एक सॉकेट खोलला तर तिसऱ्या पिनेला वायरच नाही. पूर्ण घरात अर्थिंग नव्हतं, फक्त भोकं होती. एक बटण बाहेर ओढलं तर जुन्या वायरचं रबर बोटाला लागताच भुगा झालं. बोर्ड बदलला होता, भिंतीतल्या तारा तशाच. त्यात कुणीतरी वारंवार ट्रिप होतं म्हणून मोठ्या अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) बसवून ठेवलेला. म्हणजे तार तापून जळेपर्यंत तो पडणारच नाही. भाडेकरू गीझर लावणार, इस्त्री लावणार, त्यांची मुलं ओल्या हातांनी बटणं दाबणार. हे दिसूनही तशा घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात देणं मला गुन्ह्याइतकं गंभीर वाटतं. पूर्ण वायरिंग नवीन केलं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा खटका) लावला.

क्रम सांभाळा : वायरिंग आणि नळकाम आधी, गिलावा-टाइल मग, रंग सगळ्यात शेवटी.

तुळई :

लाकडाची छपरं असलेल्यांसाठी. तुळईचा मधला भाग कितीही भक्कम दिसो, तिची भिंतीत शिरणारी टोकं बघा. ओल तिथे धरते, वाळवी तिथून येते. स्क्रूड्रायव्हर टोचला की चांगल्या लाकडात तो अडतो. आमच्याकडे तो दांड्यापर्यंत आत गेला, आणि वर ऑइलपेंटचा अखंड चकचकीत पापुद्रा तसाच. भिंतीवरून बोटभर जाडीच्या मातीच्या रेघा गेल्या असतील तर त्या वाळवीच्या वाटा. मोडून बघा, पुन्हा बांधल्या गेल्या तर वाळवी जिवंत आहे. पण रेघ पुसून काढली म्हणजे वाळवी गेली असं नाही. आधी जमिनीपासूनची वाळवी-प्रक्रिया, मग लाकूड बदलणं. उलट केलं की नवं लाकूडही जातं.

लोलक :

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, ती पैशापेक्षा मोठी आहे. आम्ही मागच्या पडवीचं जुनं पन्हळी छप्पर काढायला माणसं लावली आणि त्यांनी पत्रे घणाने फोडायला सुरुवात केली. माझ्या आत्याने काम थांबवलं. ते सिमेंटचे ॲस्बेस्टॉस पत्रे होते. अखंड पत्रा गप्प पडून असतो. फोडला, कापला, कोरडा ड्रिल केला की त्याचे तंतू हवेत जातात, फुप्फुसात बसतात आणि दुखणं कित्येक वर्षांनी उगवतं. मजुरांच्या तोंडाला साधा रुमालसुद्धा नव्हता, आणि रुमालाने ते तंतू अडतही नाहीत.

जुन्या रंगाचंही तसंच. त्यात शिसं असू शकतं, आणि कोरडा घासला की ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. घराच्या वयावरून अंदाज येतो : अमेरिकेत घरांसाठीचा शिशाचा रंग १९७८ मध्ये बंद झाला, ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. तुमच्याकडे नियम काय आहे ते बघा, आणि शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय घण उचलू देऊ नका. ते उतरवायला प्रशिक्षित माणसंच लागतात, आणि त्यांचा खर्च साध्या तोडफोडीच्या कितीतरी वर जातो. तो भावातून आधीच कापून घ्या.

चांदई :

भिंती सगळ्या ठणठणीत. आमचं घोडं कागदात अडलं.

वरची खोली मंजूर नकाशात नव्हतीच. गच्चीवर नंतर चढवलेली. भाड्याचा सगळा हिशोब त्या खोलीवर उभा होता, कारण ती धरली तरच दोन स्वतंत्र भाडेकरू बसत होते. बँकेच्या मूल्यमापनात ती मोजलीच गेली नाही, त्यामुळे कर्ज कमी बसलं आणि फरक हातचा घालावा लागला. विमा कंपनीनेही तेच विचारलं. पुढे एका खोलीला कुलूप निघालं. विकणाऱ्याच्या नातेवाइकाचं सामान, आणि त्याचं म्हणणं की इथे माझा हक्क आहे. वकिलाने बोजाचा, म्हणजे घरावर कर्ज-गहाण नोंदलेलं आहे का याचा, शोध घेतला होता, पण कुलपामागे कोण आहे ते त्या अहवालात येत नाही. प्रत्येक दार उघडून बघा. मंजूर नकाशा हातात घेऊन खोल्या मोजा. संपूर्ण घराचा मोकळा ताबा खरेदीखताच्या दिवशीच, असं करारात लिहून घ्या, आणि शेवटची रक्कम त्यानंतर.

वळचण :

सगळं वाचलं. तरीही मी जुन्या घरांच्या बाजूने बोलणार. उघड दिसणारी खराबी मला आवडते. फुटक्या खिडक्या, कळकट ओटा, उखडलेली फरशी बघून बाकीचे गिऱ्हाईक पळतात आणि भाव उतरतो; त्या गोष्टींचा खर्च मला आधी मोजता येतो. भीती वाटते ती अर्ध्यामुर्ध्या सजवलेल्या घराची. विकण्याच्या तोंडावर नवं छत, नवा रंग, एकाच भिंतीला लाकडी पॅनेल, हे दिसलं की मी तिथूनच तपासणी सुरू करतो.

बयाणा देण्याआधी स्वतंत्र माणसाकडून तपासणी, आणि तीत मोठं काही निघालं तर सौदा सोडण्याची मुभा, एवढी एक अट मी लिहून घेतोच. विकणारा या अटीला फार कचरू लागला तर तेही उत्तरच आहे. दुरुस्तीच्या अंदाजावर १५ ते २० टक्के वेगळे ठेवतो आणि सहा महिने भाडं येणार नाही असं धरून चालतो. एवढं करून आकडे जुळले तरच घेतो.

पागोळी :

गवाक्षदादा, एक विचारायचं होतं. आता बघत असलेल्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा वर गेलाय. विकणारे म्हणतात जुना आहे, वाढत नाही. कसं ठरवायचं?

गवाक्ष :

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा तडा बऱ्याचदा पाया एका बाजूने खचल्याचा असतो, पण प्रत्येक वेळी नाही. आधी तड्याच्या आत टॉर्च मारा. आत धूळ, कोळिष्टकं, जुना रंग दिसला तर तो बराच काळ तसाच आहे. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजा. मग त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, आणि सगळ्यात रुंद जागी रुंदी मोजून ठेवा. काही आठवड्यांत रेघ ओलांडली तर तो जिवंत आहे. चिकणमातीची जमीन असेल तर कोरड्या आणि ओल्या, दोन्ही दिवसांत बघावं लागतं, कारण ती माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. भिंतीजवळ मोठं झाड किंवा गळकी नळी आहे का तेही बघा. तेवढा वेळ विकणारे देत नसतील तर पायाचा खर्च धरूनच भाव बोला. मधे दारं नीट लागतात का तेही पाहून इथे टाका.