मदत हवी आहे: ताईच्या बायॉप्सी रिपोर्टमधल्या शेवटच्या दोन ओळी समजावून सांगाल का?

नमस्कार मंडळी. ताईच्या डाव्या स्तनात गाठ लागली आणि परवा बायॉप्सीचा रिपोर्ट आला. इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा (दूधनलिकेतून आजूबाजूला शिरलेला कॅन्सर), ग्रेड ३, ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन आणि एचईआर२ असे तिन्ही रिसेप्टर नसलेला). हे डॉक्टरांनी सांगितलं. पण खाली 'डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा' आणि 'स्ट्रोमल टीआयएल ४० टक्के' असंही आहे. ओपीडीत एवढी गर्दी होती की ते विचारायचं राहून गेलं. आता तारीख सोमवारची.

दोन रात्री वाचत बसले. स्ट्रोमा म्हणजे कॅन्सरच्या पेशींभोवतालची ऊती, त्यात कोलॅजनचे तंतू, रक्तवाहिन्या, प्रतिकारशक्तीच्या पेशी, एवढं कळलं. स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जनने १८८९ मध्येच लिहिलं होतं की बी चहूकडे उडतं, पण रुजतं मानवेल त्याच जमिनीत. आमचं घर शेतकऱ्याचं, त्यामुळे हे लगेच पटलं आणि पोटात गोळाच आला. ताईची जमीनच कॅन्सरला धार्जिणी आहे का? गाठ इतकी टणक लागते, म्हणजे ती लवकर पसरणार का? कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्लाइड पाहिलेली नाही, म्हणून शब्दांचा अर्थ तेवढा सांगते. गाठीच्या चिथावणीने फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या पेशी) भरमसाट कोलॅजन तयार करतात, ते डेस्मोप्लेझिया. टणकपणा त्यातूनच येतो. ताठ तंतूंच्या आधाराने पेशी बाहेर सरकतात हे प्रयोगांत दिसलंय, पण असा स्ट्रोमा पुष्कळ इन्व्हेजिव्ह गाठींत असतो. त्यावरून 'पसरलाय' असं ठरत नाही. ते काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) आणि स्कॅनवरून कळतं.

टीआयएल म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट पेशी, शरीराच्या बाजूने लढणाऱ्या. ट्रिपल निगेटिव्हमध्ये त्या जास्त असल्या की केमोला प्रतिसाद सहसा चांगला मिळतो. ही ओळ दिलासा देणारी आहे.

सोमवारी केमो आधी की ऑपरेशन आधी, हे नक्की विचारा. ऑपरेशन आधी असेल तर लिग्नोकेनचंही विचारा. टाटा मेमोरियलच्या २०२३ च्या अभ्यासात गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं तिच्याभोवती हे भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के, तर दिलेल्यांत ९०.१ टक्के होतं. त्या सगळ्यांचं ऑपरेशन केमोआधी झालं होतं.

धागाकर्ती:
खूप आभार. 'टीआयएल ४०' म्हणजे एवढा भाग कॅन्सरने खाल्ला, असं मी धरून बसले होते. ताईला आत्ताच फोन लावते. काखेची सोनोग्राफी झाली आहे, तो रिपोर्ट आला की इथेच विचारते.