छतावरच्या सोलर इन्व्हर्टरला लांबून कोण हात लावतं? यावर आपल्याकडे कायदा आहे का?

सांगलीकर_छत
नमस्कार मंडळी. केंद्राच्या सूर्यघर या छतावरच्या सौर विजेच्या योजनेतून घरावर ३ किलोवॅटची सिस्टिम बसवली आहे. बिल जवळजवळ शून्यावर आलं, त्याबद्दल तक्रार नाही. परवा इन्व्हर्टरने (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या डब्याने) एरर दाखवला म्हणून बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, यायची गरज नाही, कंपनीत सांगतो." थोड्या वेळाने इन्व्हर्टर आपोआप बंद झाला, परत सुरू झाला आणि ॲपवर 'फर्मवेअर अपडेट पूर्ण' असा मेसेज आला, म्हणजे डब्याच्या आतला प्रोग्रॅमच बदलला. काम झालं, पण मला कोणी विचारलं नव्हतं. कंपनीचा सर्व्हर परदेशात आहे, हे ॲपच्या अटी वाचताना कळलं. जो तिथून सुरू करू शकतो, तो बंदही करू शकतो ना? बाहेरून येणाऱ्या वीजसामग्रीवर सरकारने बंधनं घातल्याचं वाचलं होतं. ती भिंतीवरच्या या डब्याला लागू आहेत का?

कलम_अकरा
मी वकिली करतो. तुमच्यासारख्या घरगुती ग्राहकाच्या हाती त्यातलं फारसं काही लागत नाही.

गलवान खोऱ्यातल्या चीनबरोबरच्या चकमकीनंतर तीन आठवड्यांच्या आत, २ जुलै २०२० ला, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने आदेश काढला. वीजपुरवठा यंत्रणेसाठी आयात होणारी उपकरणं आणि सुटे भाग यांत मालवेअर वा ट्रोजन (लपवलेला घातक प्रोग्रॅम) नाही ना, ते भारतीय मानकांत बसतात ना, हे देशातच, नेमून दिलेल्या प्रयोगशाळेत तपासायचं. ठरावीक देशांतून आणायचं असेल तर सरकारची आगाऊ परवानगी घ्यायची. त्याच महिन्यात सरकारी खरेदीचे नियमही बदलले आणि सीमेला लागून असलेल्या देशांतल्या कंपन्यांना नोंदणीशिवाय टेंडर भरणं बंद झालं. पण तुम्ही टेंडर काढून इन्व्हर्टर घेतलेला नाही. शिवाय २ जुलैचा तो मंत्रालयाचा आदेश आहे, संसदेने केलेला कायदा नव्हे. वीज कायदा २००३ चा सगळा भर परवाने, दर आणि वितरणावर. त्याच्या कलम ११ खाली केंद्राने मे २०२२ मध्ये आयात कोळशावरच्या वीजकेंद्रांना पूर्ण क्षमतेने चालवायला लावलं. तो इंधनाचा प्रश्न होता, यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमचा नव्हे.

टेस्टिंगवाली
काका, मी सगळी नोकरी रिले टेस्टिंगमध्ये काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लाइनवर फॉल्ट आला की ब्रेकरला ट्रिप कमांड, म्हणजे वीज तोडायचा हुकूम, रिले देतो. आजचा न्यूमेरिकल रिले म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच असतो. एका उपकेंद्रात नवीन कंट्रोल पॅनेल चार्ज करायच्या (त्यात वीज सोडायच्या) आदल्या दिवशी सप्लायरचा माणूस आला, लॅपटॉपची केबल रिलेच्या पुढच्या पोर्टला लावली आणि नवं फर्मवेअर टाकून मोकळा झाला. ती फाइल कुठून आली, कोणी तपासली, रजिस्टरमध्ये एक ओळ नाही. पासवर्ड कारखान्यातून आलेला तोच, चिठ्ठीवर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावलेला. आम्ही सेकंडरी इंजेक्शन किटने, म्हणजे चाचणीच्या यंत्राने, खोट्या फॉल्टचा करंट देऊन रिले किती मिलिसेकंदांत ट्रिप होतो ते मोजलं आणि रिपोर्टवर सह्या झाल्या. रिले सांगितलेलं काम करतो, एवढंच त्या चाचणीतून कळतं. न सांगितलेलं काही करेल का, याचा तिच्याशी संबंधच नसतो. प्रयोगशाळेत एक नमुना पास होतो आणि साइटवर वेगळंच फर्मवेअर पडतं. मोठ्ठं भगदाड आहे ते इथे.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे राज्याच्या सायबर विभागाने घातपाताचा संशय मांडला आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. कोण बरोबर, यापेक्षा मला बोचतं ते हे, की महिनोन्महिने जाऊनही लोकांना एक उत्तर मिळालं नाही. प्रत्येक फर्मवेअर बदलाची, प्रत्येक लॉगिनची नोंद कायद्याने सक्तीची असती, तर वादाला इतकी जागा राहिली नसती. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सायबर सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. विश्वासार्ह पुरवठादार, जबाबदार अधिकारी, नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून वेगळी, सगळं त्यात आहे आणि चांगलं आहे. पण त्यांचा रोख वीज कंपन्यांकडे आहे, तुमच्या गच्चीकडे नाही.

आणि गच्ची आता लहान राहिलेली नाही. सूर्यघर योजनेचं लक्ष्य एक कोटी घरांचं. त्यातली सात लाख घरं धरा, प्रत्येकी ३ किलोवॅट: २१०० मेगावॅट झाले. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. कोयनेच्या पॉवरहाउसमध्ये परक्या माणसाला पाऊल टाकता येत नाही, आणि इथे तेवढीच वीज भर दुपारी एका बटनावर घालवण्याची सोय आपण इन्व्हर्टरला इंटरनेटशी जोडणाऱ्या वायफायच्या डोंगलमधून करून ठेवतो आहोत. इन्व्हर्टरवर जी मानकं दिसतात, आयएस १६२२१ आणि आयएस १६१६९, ती विद्युत सुरक्षा आणि अँटी-आयलंडिंगची (लाइन बंद असताना इन्व्हर्टरने तिच्यात वीज सोडू नये याची) आहेत. लाइनमनच्या जिवासाठी ती हवीतच, पण दूरच्या सर्व्हरबद्दल ती काही बोलत नाहीत. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना मात्र ९ एप्रिल २०२५ पासून सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली.

लिथुआनिया हा पुण्याहूनही कमी वस्तीचा देश. तिथल्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदाच केला: १०० किलोवॅटवरच्या सौर, पवन आणि बॅटरी प्रकल्पांना चीनमधून लांबून नियंत्रण करता येणार नाही. यंत्र चिनी असलं तरी चालेल, किल्ली देशात राहिली पाहिजे. मला हा विचार पटतो.

खानदेश_सोलर
ताई, मी जळगाव भागात सिस्टिम बसवतो. लोकांना घाबरवू नका. उद्या परदेशी इन्व्हर्टर बंद केले तर भाव चढणार आणि साधा माणूस मागे फिरणार. रिमोट सपोर्ट नसेल तर एका एररसाठी मला साठ किलोमीटर गाडी काढावी लागते. त्याचे पैसे कोण देणार?

टेस्टिंगवाली
दादा, तुमची अडचण खरी आहे आणि सपोर्ट बंद करा असं मी म्हणत नाही. सर्व्हर देशात असावा, अपडेटआधी मालकाची संमती घ्यावी आणि लांबून बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते करारात लिहावं. एवढ्याने भाव फार चढतील असं मला वाटत नाही.

सांगलीकर_छत
ताई, डोंगल काढून ठेवला तर? बसवणारा म्हणतो, वॉरंटी जाईल.

टेस्टिंगवाली
इन्व्हर्टरला वीज बनवायला इंटरनेट लागत नाही. युनिट डिस्प्लेवर दिसतात आणि घेतलेल्या आणि ग्रिडला दिलेल्या विजेचा हिशोब नेट मीटरवरच होतो. पण काढण्याआधी वॉरंटीच्या आणि योजनेच्या अटी वाचा. बसवणाऱ्याला तोंडी विचारू नका, ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. तोवर ॲपचा मूळ पासवर्ड बदला आणि इन्व्हर्टर राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (घरातल्या फोन-कॉम्प्युटरपासून वेगळ्या वायफायवर) टाका.

आणखी एक काम आपल्या हातात आहे. वीज हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे सगळं दिल्लीवर सोडायचं कारण नाही. आपला नेट मीटरिंगचा करार राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप विनियमांखाली होतो. नियम बदलताना आयोग मसुदा काढून सूचना-हरकती मागवतो आणि त्या कोणालाही पाठवता येतात. वर लिहिलेले तीन मुद्दे मी मराठीत अर्जाच्या रूपात लिहून ठेवले आहेत. कलम_अकरा, तुम्ही त्याची कायद्याची भाषा तपासून द्याल का? दादा, रिमोट सपोर्टचा मुद्दा तुम्ही जोडा. दुरुस्तीचा मसुदा आला की आपण चौघं सह्या करून पाठवू.