आई ऊस तोडते पण हिशोबात तिचं नावच नाही, काय करता येईल?

फडातली लेक:
नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली, सध्या शिकायला बाहेर असते. घरी ऊसतोड. दिवाळी झाली की आई आणि अण्णा टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात जातात ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (हंगाम बंद होईपर्यंत), म्हणजे मार्च एप्रिल उजाडतो. उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे) अण्णांच्या नावावर, सही त्यांची, मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत नाव त्यांचं. आई पहाटे अंधारात उठून कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाकरी थापते, मग दिवसभर फडात, अण्णा तोडतात आणि ती पाचट काढते मोळ्या बांधते, गाडी आली की त्याच मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढून वर टाकते, गाडी रात्री आली तर रात्री. एवढं करून तिच्या हातात एक रुपया येत नाही. मागच्या हंगामात ती तापाने पडून होती तर मुकादमाने दोघांचा खाडा (गैरहजेरीचा दंड) लावला. हंगाम संपला तेव्हा म्हणाला उचल फिटली नाही, बाकी पुढच्या वर्षी फेडा. आई आता परत जायच्या तयारीत आहे आणि मला झोप लागत नाही. तिच्या नावाने काही करता येतं का? कुठे जायचं, कोणाला भेटायचं? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

कोयत्याची माय:
पोरी, मी लग्न झाल्यापासून जात होते, आता गुडघे गेले म्हणून घरी आहे, हे नातू टाईप करतोय. पहिलं काम सांगते, जायच्या आधी ग्रामसेवकाकडून आईचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढ, तिचं वेगळं, अण्णांच्या कार्डावर बायको म्हणून नाव टाकलेलं नको. स्वर्गीय गोपीनाथ मुंडे साहेबांच्या नावाचं ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेतात आणि तेवढेच सरकार घालतं, आता तो पैसा ज्यांच्यासाठी आहे त्यात बाई मोजली गेली पाहिजे की नको? आमच्या वस्तीवर फॉर्म भरायला आले तेव्हा घरटी एका गड्याचं नाव लिहून चालले होते, आम्ही बाया अडून बसलो तेव्हा आमची नावं लिहिली. आणि बँकेत खातं तिच्या एकटीचं काढ, जॉइंट नको.

गावाकडचा:
ताई तुमचं दुःख समजतं, पण दुसरी बाजू पण मांडतो कारण माझे चुलते मुकादम आहेत. कारखान्याकडून पैसे मुकादमाच्या अंगावर येतात, तो ते टोळीला वाटतो, एखादी जोडी उचल घेऊन दुसऱ्याच टोळीत गेली की भरपाई त्यालाच करावी लागते. आमच्या शेजारच्या मुकादमाची जमीन गेली यात. आणि काम जोडीनेच होतं, कोयता म्हणजे नवरा बायको मिळून, टनावर पैसे, मग बाईने किती टन केले ते वेगळं कसं काढणार? 2024 च्या जानेवारीत करार झाला, दर टनाला 273 वरून 366 झाला, वाढ पण मिळालीच की.

कोर्टातली कामं:
दादा, मुकादम अडचणीत असतो हे मान्य. पण मुकादम आणि टोळीचा व्यवहार सगळा तोंडी ठेवल्यामुळे तोही अडकतो, कारखाना कायम मोकळा राहतो, माणसं लागतात कारखान्याला आणि कागदावर ती असतात मुकादमाची. जबाबदारी तिथून वर ढकलली तर मुकादमाचीही जमीन वाचेल. टन वेगळे काढायची तर गरजच नाही, जोडीची मजुरी ठरलेलीच आहे ती अर्धी अर्धी दोघांच्या खात्यात टाका, त्याला कोणता काटा लागतो?

फडातली लेक, तुमच्यासाठी मुद्द्याचं सांगतो. एक, "उचल फिटली नाही म्हणून यावंच लागेल, दुसरीकडे जायचं नाही" असं कोणी म्हणत असेल, धमकी देत असेल, घरातल्या कोणाला अडकवून ठेवत असेल, तर ते 1976 च्या वेठबिगार प्रतिबंधक कायद्यात बसतं, थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करायचा आणि पोहोच घ्यायची. दोन, वकिलाच्या खर्चाला घाबरू नका, बाईला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन करा. तीन, फडात, गाडीवर, कोपीवर कोणी लैंगिक त्रास दिला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फडालाही लागू आहे, ऑफिसातल्या बायांपुरता नाही, असंघटित कामगार बाईसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, 3 महिन्यांच्या आत तक्रार द्यायची. हा कायदा सुप्रीम कोर्टाच्या ज्या विशाखा निकालातून (1997) आला तो निकालही राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या अत्याचारानंतर आला, ती गावपातळीवर काम करणारी कुंभार समाजाची बाई होती, तिच्यामुळे शहरातल्या बायांना संरक्षण मिळालं आणि फडातल्या बाईला अजून सांगायलाच कोणी जात नाही, याचा मला खूप राग येतो.

आणि आत्तापासून एक वही ठेवा. तारीख, किती खेपा, किती टन, कधी खाडा लावला, का लावला. मुकादमाची एकच वही असते तोपर्यंत तो म्हणेल तेच खरं.

आशा ताई (आरोग्यवाली):
मी आशा वर्कर आहे म्हणून खाड्याबद्दल बोलते, कारण सगळं तिथे येऊन थांबतं. पाळीत दुखतंय म्हणून बसली तर खाडा, दवाखान्यात गेली तर खाडा, आणि फडावर ना संडास ना अंघोळीला आडोसा, कापड धुवायला पाणी नाही, मग अंगावरून पांढरं जातं, इन्फेक्शन वाढत जातं आणि डॉक्टर म्हणतो गर्भाची पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल. बाई पण म्हणते काढा एकदाची, कामात खंड नको. 2019 ला हे बाहेर आलं, नीलम गोऱ्हे ताईंच्या समितीच्या पाहणीत बीडमध्ये सुमारे 82 हजार ऊसतोड बायांपैकी 13 हजारांपेक्षा जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खाजगी दवाखान्याला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते असा नियम आला. 2023 ला मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. पण माझ्या ओळखीतल्या बाया कमी वयात पिशवी काढून आल्यात, कंबर धरून बसतात, हाडं दुखतात आणि तरी मोळी उचलतात. तुझ्या आईला अंगावरून जात असेल तर जायच्या आधी सरकारी दवाखान्यात तपासून घे, औषधाने बरं होतं बरंचसं. आणि पिशवी काढ म्हणून कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नको.

फडातली लेक:
सगळ्यांचे खूप आभार. ओळखपत्राचं उद्याच विचारते. पण अडचण अशी की अण्णांना वाटतं मी आईला त्यांच्याविरुद्ध उभं करतेय. म्हणतात पैसे घरातच येतात ना, मग तुझे माझे कशाला. ते वाईट नाहीत हो, त्यांच्याही पाठीवर वळ आहेत. आणि मुकादमाला कळलं तर पुढच्या वर्षी कामच देणार नाही अशी भीती आईलाच जास्त आहे.

कोयत्याची माय:
एकटी बोलशील तर काम जाईलच. तुमच्या टोळीत कोयते किती आहेत बघ, त्यातल्या बायांना हंगाम सुरू व्हायच्या आधी एका घरी बसव, सगळ्यांनी मिळून एकच मागायचं, आजारपणाचा खाडा नको आणि अर्धी मजुरी आमच्या खात्यावर. पूर्ण टोळी काढून टाकायची हिंमत मुकादमाला होत नाही, त्याला तेवढी माणसं दिवाळीनंतर मिळायची कुठून? मकाम म्हणजे महिला किसान अधिकार मंचाच्या बाया आपल्या जिल्ह्यात ऊसतोड बायांसोबत काम करतात, त्यांना बोलव. आणि अण्णांना सांग, उचल बुडाली की जप्तीला घर दोघांचं जातं, मग हिशोबही दोघांनी बघायला काय हरकत आहे. माझ्या मालकांना हे पटायला लई वेळ लागला पण पटलं. आईचा आधार नंबर बँकेला लिंक आहे का ते आधी बघ, आमच्या दोघीतिघींचे पैसे त्याच्यामुळेच अडकले होते.