फॉरमॅटिंगला शिव्या घालण्याआधी पेपर तरी नीट मांडा

खडूस_रिव्ह्यूअर
काल इथे एकाने लिहिलं की "जर्नलवाले आपल्याकडून फुकट हमाली करून घेतात, कंटेंट दमदार असेल तर फॉरमॅटिंगला विचारतं कोण", आणि खाली सगळ्यांचं वाहवा वाहवा. अरे बाबांनो, मांडणी आणि सजावट एकाच पोत्यात कशाला कोंबताय? मार्जिन किती, फॉन्ट कुठला, संदर्भात वर्ष कंसात की शेवटी, ही झाली सजावट. ती उद्या जर्नलने स्वतः केली तरी माझं काही भांडण नाही. पण इंट्रोडक्शन, मेथड्स, रिझल्ट्स, डिस्कशन ही सजावट नाही हो.

मी फार्मसीवाला. रिव्ह्यूला येणाऱ्या पेपरांत मेथडमध्ये "स्टँडर्ड प्रोसीजरनुसार केले" एवढंच असतं, सॉल्व्हंट कुठलं, तापमान किती, किती वेळा रिपीट केलं, पत्ता नाही, आणि मग तेच सगळं डिस्कशनच्या तिसऱ्या परिच्छेदात अचानक उगवतं. आधी टेबल, मग त्याच टेबलचा ग्राफ, मग तेच आकडे वाक्यात. एरर बार काढलेत पण ते एसडी (आकड्यांचा पसारा) की एसईएम (सरासरीतली अनिश्चितता) ते कॅप्शनमध्ये नाही. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सुरू होतं "आजच्या धकाधकीच्या जीवनात मधुमेह" पासून आणि अडीचशे शब्द संपले तरी तुम्हाला सापडलं काय ते कळत नाही. एडिटर शीर्षक, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि आकृत्या बघतो, तिथे काही हाती लागलं नाही तर तुमचा दमदार कंटेंट शोधायला तो आत शिरणार नाही. डेस्क रिजेक्ट, म्हणजे रिव्ह्यूला न पाठवताच नकार. मग इथे येऊन बोंब की फॉन्टमुळे नाकारला. फॉन्टमुळे पेपर दुरुस्तीला परत येतो, नाकारला जात नाही.

थिसिसग्रस्त
सर, ज्यांचा पेपर पहिल्याच जर्नलला लागतो त्यांना बोलायला सोपं आहे. आमचा फिरतो. एका ठिकाणी संदर्भ व्हॅन्कुव्हर स्टाइलचे, म्हणजे मजकुरात आकडे टाका. रिजेक्ट. दुसरीकडे लेखक-वर्ष. रिजेक्ट. तिसरीकडे पुन्हा आकडे पण आता वर चढवून. वर हायलाइट्स (मुख्य निष्कर्षांच्या ओळी) ३ ते ५, प्रत्येकी ८५ अक्षरांत, ग्राफिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, ब्लाइंड रिव्ह्यू (रिव्ह्यूअरला लेखक कळू नये) म्हणून टायटल पेज वेगळं, आकृत्या ३०० डीपीआय टिफमध्ये. २०१९ साली प्लॉस वन या जर्नलमध्ये यावरच सर्व्हे आला होता, माणशी वर्षाला ५२ तास निव्वळ फॉरमॅटिंगमध्ये जातात. आणि एवढं करून अ‍ॅक्सेप्ट झाला की प्रकाशक चेन्नईच्या टाइपसेटरकडे पाठवून सगळं पहिल्यापासून लावून घेणार! मग माझे दोन कॉलम कशाला हवे होते? याला हमाली नाही तर काय म्हणायचं?

खडूस_रिव्ह्यूअर
तो सर्व्हे वाचलाय. ३७२ लोक, तास स्वतःच आठवून सांगितलेले, आणि ज्याला फॉरमॅटिंगचा राग तोच असला फॉर्म भरायला बसणार. एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या कितीतरी जर्नलांत "युअर पेपर युअर वे" आहे, पहिल्या सबमिशनला संदर्भ कुठल्याही स्टाइलचे चालतात, फक्त सगळे एकसारखे हवेत. पण त्यासाठी गाइड फॉर ऑथर्स उघडावं लागतं.

थिसिसग्रस्त
उघडतो हो. आमचे गाईडच उघडत नाहीत, ते म्हणतात "आयट्रिपलईच्या (इंजिनिअरिंगवाल्यांच्या) पेपरसारखा दोन कॉलममध्ये दिसला पाहिजे", जर्नल बायोकेमिस्ट्रीचं असलं तरी.

लाटेक्स_भक्त
लाटेक्स (मांडणी आपोआप लावणारं सॉफ्टवेअर) वापरा, स्टाइल फाइल बदला, विषय संपला. नुथ साहेबांनी त्याच्या मुळाशी असलेलं टेक्स लिहून १९७८ लाच सोडवलेला प्रॉब्लेम आहे हा.

थिसिसग्रस्त
दादा, माझे गाईड वर्ड फाइलची प्रिंट काढून लाल पेनाने करेक्शन देतात. त्यांना डॉट टेक्स फाइल पाठवू?

माहेरची_मी
तुम्ही फॉन्टवर भांडताय, माझा प्रश्न पहिल्याच ओळीत आहे. लेखकाचं नाव. पीएचडीतले पेपर माहेरच्या नावाने, वडलांचं इनिशियल. लग्नानंतरचे सासरच्या नावाने, नवऱ्याचं इनिशियल. म्हणजे आडनावही वेगळं आणि मधलं अक्षरही वेगळं. स्कोपसमध्ये (पेपरांच्या डेटाबेसमध्ये) मी दोन बायका आहे. प्रमोशनच्या वेळी स्क्रुटिनीला बसलेले सर विचारतात, "हे आधीचे पेपर तुमचेच कशावरून?" मॅरेज सर्टिफिकेट दाखवलं, गॅझेट दाखवलं, तरी म्हणे अ‍ॅफिडेव्हिट आणा. शेजारच्या टेबलावर माझ्याच बॅचचा मुलगा पाच मिनिटांत सही घेऊन चहाला गेला. स्ट्रक्चरचं सांगताय ना, तर हे पण सांगा.

सरळमार्गी
मग नाव बदलायला सांगितलं कुणी? कायद्याने सक्ती नाही. प्रोफेशनल नाव एकच ठेवायचं, साधी गोष्ट आहे. उगाच प्रत्येक धाग्यावर स्त्रीमुक्ती.

माहेरची_मी
कुणी सांगितलं? बँकेने, पासपोर्टच्या एजंटने, सासूबाईंनी, आणि कॉलेजच्या ऑफिसने, ज्यांनी मला न विचारता मस्टरवरचं नाव बदललं. तुमचं नाव जन्मापासून एकच आहे म्हणून तुम्हाला सरळमार्ग दिसतो. आणि दाखवा बरं मी कुठे स्त्रीमुक्ती लिहिलंय, मी अ‍ॅफिडेव्हिट लिहिलंय.

कोल्हापूरी_पाटील
ताईंचं बरोबर आहे. माझं तर लग्नाशिवायच वाटोळं झालंय. ए. बी. पाटील. शोधून दाखवा मला गूगल स्कॉलरवर. कुठल्यातरी ऊसशास्त्रज्ञाचे सायटेशन माझ्या खात्यात येतात, मी गप्प बसतो.

लाटेक्स_भक्त
ऑर्किड काढा ना, २०१२ पासून फुकट मिळतंय. संशोधकाचा सोळा अंकी नंबर, नाव कितीही बदला, सगळे पेपर एका जागी.

माहेरची_मी
काढलंय. स्क्रुटिनीच्या सरांनी विचारलं हा आधार नंबर आहे का.

खडूस_रिव्ह्यूअर
मॅडम, धागा तुम्ही पळवलात पण मुद्दा खरा आहे. आता मोठे प्रकाशक जुन्या पेपरवरचं नावही बदलून देतात, मेल करून बघा. मात्र छापील कॉपी घेऊन बसणाऱ्या कमिटीपुढे त्याचा किती उपयोग होईल, देव जाणे.

निकषांचा_बळी
नावाचा विषय निघालाच आहे तर आमच्या एचओडींचं नाव प्रत्येक पेपरवर का असतं यावर पण बोला की. आयसीएमजेईच्या (मेडिकल जर्नलांच्या एडिटरांच्या समितीच्या) चार अटी आहेत लेखक म्हणवून घ्यायला, साहेब एकीत बसत नाहीत, पण ऑथर कॉन्ट्रिब्यूशनमध्ये "सुपरव्हिजन" असतंच. आणि पीएचडीला पेपर छापायची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमात काढली, २०२५ मध्ये केअर लिस्टही (मान्य जर्नलांची यादी) गुंडाळली, तरी आमच्याकडे प्रीसबमिशनला (थिसिस जमा करण्याआधी) अजून दोन पेपर मागतात. मग पोरं पैसे भरून चार दिवसांत सर्टिफिकेट देणाऱ्या जर्नलात टाकतात. त्यांचं फॉरमॅटिंग मात्र एकदम टकाटक असतं, बघा हं, दोन कॉलम, लोगो, सगळं.

सरळमार्गी
म्हणजे शेवटी मीच बोललो ते, फॉरमॅटवरून दर्जा कळत नाही.

खडूस_रिव्ह्यूअर
तुम्ही ते बोललाच नव्हतात, तुम्ही लोकांच्या लग्नावर बोललात. आणि फॉरमॅटवरून दर्जा कळतो असं मीही म्हटलेलं नाही, वर जाऊन वाचा. मेथड वाचून दुसऱ्या लॅबला प्रयोग करता आला पाहिजे, एवढीच माझी मागणी. थिसिसग्रस्त, टिफ आणि दोन कॉलमबद्दल तुझं म्हणणं मान्य, लिहून घे, पुन्हा मान्य करणार नाही.

थिसिसग्रस्त
स्क्रीनशॉट काढला सर, गाईडना दाखवतो. माझ्या मेथडमध्ये पण "स्टँडर्ड प्रोसीजर" आहे, पण ते वाक्य गाईडनीच घातलंय, आता ते काढायचं कसं ते सांगा.

खडूस_रिव्ह्यूअर
काढू नकोस. त्याच्यापुढे सॉल्व्हंट, तापमान आणि रिपीट टाइप कर, ते बघणार पण नाहीत.

कोल्हापूरी_पाटील
मधेच विचारतो, ते हायलाइट्सचे ८५ अक्षर स्पेससकट की स्पेस सोडून?

लाटेक्स_भक्त
स्पेससकट.

कोल्हापूरी_पाटील
मेलो.