बाळंतीण वॉर्डातून निघून जाते, आम्ही "पळून गेली" लिहितो : मदत हवी आहे

बाळंतशेपा :

नमस्कार मंडळी. इथे आजवर पाककृती आणि बागकामाचेच धागे वाचत आले. नोकरीबद्दल पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

मी सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका. मूळची सांगलीकडची. सोळा वर्षं नोकरी झाली, गेल्या वर्षी बदलीने सातपुड्याच्या पायथ्याशी आले. लेबर रूम आणि बाळंतिणींचा वॉर्ड माझ्याकडे आहे. दवाखान्याचं नाव विचारू नका. पेशंट बरेचसे कोरकू आदिवासी, वरच्या मेळघाटातल्या गावांतून खाली येणारे.

थंडीतली गोष्ट. एकोणीस वर्षांची पहिलटकरीण, बाळंतपण सुरळीत, बाळ 1 किलो 900 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला राउंड घेतला तर खाट रिकामी. चादर घडी करून उशाशी ठेवलेली आणि तिच्यावर आमचं स्टीलचं ताट, धुऊन पालथं. पळून जाणारं माणूस ताट धुऊन जात नाही, हे तेव्हाच खटकलं होतं. पण रजिस्टरला शेरा पडला तो नेहमीचाच, ॲबस्कॉन्ड. म्हणजे पळून गेली. चोराबद्दल लिहावं तसं.

एवढ्याशा बाळाची धास्ती होती म्हणून तिच्या गावच्या आशाताईंना (आरोग्य कार्यकर्तीला) सारखे फोन केले. बाळ दूध ओढतंय असं त्या म्हणाल्या, तरी चैन पडेना. शेवटी रजेच्या दिवशी त्यांच्याबरोबर घरीच गेले. मुलगी खाली मान घालून बसली. बोलली ती तिची सासू. "बाई, बच्चा भी ठंडा, बहू भी ठंडी. वहाँ आग नहीं थी."

झालं असं होतं, की बाहेर झोपलेल्या नातेवाइकांनी कंपाउंडच्या भिंतीशी चार काटक्या पेटवल्या होत्या. रात्री एकच्या सुमाराला ही बाळाला घेऊन शेकायला त्यांच्याजवळ जाऊन बसली. वॉचमनने येऊन विस्तवावर बादली ओतली आणि म्हणाला, "जाओ यहाँ से." तर ही माणसं गेली! ताट तेवढं आत जाऊन धुऊन ठेवलं, स्टँडवर बसून राहिली आणि पहिल्या काळी-पिवळीने गाव गाठलं. आम्हीच हाकललं आणि आम्हीच लिहिलं, पळून गेली.

वॉचमनचीही चूक म्हणवत नाही. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. तेव्हापासून दवाखान्यात काडेपेटी दिसली तरी आमच्या पोटात गोळा येतो.

पण माझी लाज वेगळी आहे. माझ्या बाळंतपणात आईने सव्वा महिना खाटेखाली शेगडी ठेवली होती. ओव्याची धुरी, बाळंतशेपा, डोक्याला घट्ट फडकं, सगळं झालं. नर्सिंग शिकलेली मी गप शेकून घेत होते. तरी कोरकू बाईला विस्तव लागत असेल हे मला तिच्या घरी जाईपर्यंत सुचलं नाही.

दुसरं, या बाया कळा देताना ओरडत नाहीत. आमच्याकडे आवाजावर अंदाज बांधायची वाईट सवय आहे. गप्प आहे ना, मग अजून वेळ आहे. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, भरायचा राहतो आणि एकदम डोकं दिसायला लागतं. मग सगळ्याजणी मिळून मराठीत "जोर लाव, जोर लाव" ओरडतो. ती आमच्याकडे बघत राहते. तिची मावशी किंवा सासू, जिचं ती ऐकेल, ती दाराबाहेर.

आधी भूमकाकडे, म्हणजे त्यांच्या वैदूकडे, जाऊन आले असतील तर केसपेपर काढतानाच बोलणी खातात. एका आजीने वार (बाळामागून पडते ती, प्लॅसेंटा) मागितली, घराजवळ पुरायला. आमच्या वॉर्डातल्या आयामावशींनी तिला असं झिडकारलं की ती पुन्हा वॉर्डात फिरकलीच नाही.

दोन महिन्यांनी "लक्ष्य"ची, म्हणजे लेबर रूम सुधारायच्या केंद्राच्या योजनेची, तपासणी आहे. फरशी चकाचक होईल, फलक लागतील. मला विचारायचंय ते दुसरंच. विस्तवाऐवजी काय देता येईल? भाषेचं काय करायचं, दुभाष्याचं पदच नाही? सोबतीण आत कशी घ्यायची, जागा दोन टेबलांची? आणि वारेचं काय? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. "जनजागृती करा" असं कृपया नको.

---

पर्वतीपायथा :

सिस्टर, तळमळ कळली. पण सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोन पेशंट, डॉक्टर जागेवर नाही, औषध बाहेरून आणा, अशी अवस्था. त्यात संस्कृती कुठे घेऊन बसलात? आधी डॉक्टर द्या, मग शेगडीचं बघू. आणि वार वगैरे मागणं म्हणजे अंधश्रद्धा. तिला खतपाणी कशाला?

---

बाळंतशेपा :

त्या रात्री डॉक्टर जागेवर होते, खाट तिची एकटीची होती, औषध होतं. बाई तरी गेली. म्हणून तर धागा काढला.

---

जुना एमओ :

सिस्टर, बत्तीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, त्यातली बरीच आदिवासी भागात. जमेल तसं उत्तर देतो.

सोबतिणीचं सर्वात सोपं आहे, कारण कागद तुमच्या बाजूने आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला सोबतीण घेऊ देण्याचा निर्णय केंद्राने 2016 मध्येच केला. स्वतः बाळंतपण अनुभवलेली, संसर्गजन्य आजार नसलेली, स्वच्छ कपड्यातली नात्यातली बाई चालते. "लक्ष्य" 2017 च्या डिसेंबरात आलं, त्यातही हा मुद्दा आहे. तेव्हा तपासणीला शिव्या घालू नका, तिचाच उपयोग करा. अधीक्षक तुमच्या शब्दावर पडदा घेणार नाहीत, पण गुण जातील म्हटल्यावर दोन टेबलांच्या मध्ये पडदा लागतो. एक स्टूल, एक गाऊन, चपला बाहेर. जागा होते. "आमच्याकडे जागा नाही" हे वाक्य मी स्वतः दहा वर्षं वापरलंय, म्हणून सांगतो.

विस्तव आत नाही म्हणजे नाही. तिथे वॉचमन बरोबर. पण 1900 ग्रॅमच्या बाळाला मुळात शेगडी नकोच, आईची छाती हवी. कांगारू पद्धत. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून सुरू झालेली गोष्ट आज जगभर शिकवतात. उघडं बाळ उघड्या छातीवर, डोक्याला टोपी, वरून घट्ट फडकं. आई थकली की आजीने घ्यायचं. हे सासूला दाखवलंत का? तिला "बाळ गरम ठेवा" एवढंच सांगितलं असेल, तर तिने तिच्या रीतीने तेच केलं!

आई गारठते त्याला दोन घोंगड्या, प्यायला गरम पाणी, खिडकीची फुटकी काच. काच हसण्यावारी नेऊ नका. जानेवारीत रात्री दोन वाजता स्वतः त्या खाटेवर पडून बघा.

नातेवाइकांच्या चुलीसाठी वॉर्डापासून लांब पत्र्याची शेड, बाजूला वाळूच्या बादल्या. रुग्ण कल्याण समितीत विषय घ्या. बाळंतिणीला साध्या बाळंतपणात 3 दिवस आणि सिझेरियनला 7 दिवस जेवण फुकट आहे, घरी सोडायला गाडी आहे, 2011 पासून. सोबत आलेल्या माणसांनी मात्र काय खायचं हे त्यात नाही. बाई घाईने घरी जाते त्यातलं निम्मं कारण बाहेर उपाशी बसलेली माणसं असतात.

वार. 2016 च्या जैव वैद्यकीय कचरा नियमांत ती पिवळ्या पिशवीत जाते. तोंडी परवानगीवर कुणाच्या हातात देऊ नका, उद्या तुमच्यावर शेकेल. काही दुर्गम दवाखान्यांना आवारात खोल पुरण्याचा खड्डा असतो. तसा असेल तर आजीला तिथवर येऊ द्या, लांबून बघू द्या, फूल टाकायचं तर टाकू द्या. मी हे केलंय. तिला वार हवी असते यापेक्षा ती कुत्र्याच्या तोंडी लागू नये, हे हवं असतं.

एक मात्र सांगतो. रीत म्हणून सगळंच पोटात घालायचं नाही. बाळाचं पोट फुगलं की तापल्या विळ्याने डागतात, मेळघाटात त्याला डंबा म्हणतात. तिथे स्पष्ट नाही म्हणायचं. पण "नाही" म्हणायची तुमची पत इतर चार गोष्टी ऐकल्यानेच तयार होते.

---

सिपनाकाठ :

ताई, मी कोरकू आहे, धारणी तालुक्यातला. नागपूरला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. धागा वाचून आधी राग आला. ताट धुतल्याचं वाचलं आणि लिहायला बसलो.

आमची भाषा मराठी-हिंदीच्या घरातली नाही. गोंडीशीही नातं नाही, ती तेलुगू-कन्नडच्या घरची. आमची संथाळी-मुंडारीच्या घरातली. म्हणजे मराठी जोरात बोललं की कळेल असं नाही. पाण्याला आम्ही डा म्हणतो. "पाणी" कितीही ओरडा. बाहेरच्यांशी आमची माणसं हिंदीत बोलतात, बाजार बऱ्हाणपूर-खंडव्याकडचा. म्हणून निदान हिंदीत बोला, आणि हळू. पहिलटकरणीला कळा येत असताना हिंदीही आठवत नाही, तेव्हा कोरकूच लागते. मी आईकडून पंधरा-वीस वाक्यं रेकॉर्ड करून पाठवतो. माझ्या आवाजात नको, पुरुषाचा आवाज लेबर रूममध्ये ऐकून बाई आणखी आखडेल.

"कळलं का?" असं विचारू नका. मान हलणारच. मोठ्या माणसाला नाही म्हणत नाहीत आमच्यात. "घरी जाऊन सासूला काय सांगशील?" असं विचारा. ती सांगेल तेवढंच तिला कळलंय.

भूमकाचं. "आधी भूमकाकडे गेला होतात का?" असं दरडावून विचारलं की उत्तर नाहीच येणार, मग तुम्हाला झाडपाल्याचं काय पोटात गेलंय तेही कळणार नाही. भूमका आमच्यात पूजाही करतो, नुसता वैदू नाही. तो म्हणाला "दवाखान्यात जा" तर रात्री बारालाही माणसं निघतात. एकदा त्याला बोलवा, खुर्ची द्या, लेबर रूम दाखवा. डंब्याबद्दल जुन्या डॉक्टरसाहेबांशी सहमत, माझ्या स्वतःच्या पोटावर चार डाग आहेत.

आणखी एक. माझी आई म्हणते, घरी उकिडवं बसून सोपं गेलं, दवाखान्यात टेबलावर उताणं पाडून पाय वर केले तेव्हा मेल्यासारखं झालं. तीन मुलं घरी, मी दवाखान्यात. मला बघून अजून ते सांगते.

कोरकू म्हणजे काय माहीत आहे? कोरो म्हणजे माणूस, कू लावलं की अनेक. माणसं. बस, एवढंच.

---

मुक्कामपोस्ट :

सार्वजनिक आरोग्यात काम करते, म्हणून दोन उदाहरणं. एक लांबचं. पेरू देशात आयाकुचो भागात क्वेचुआ बोलणाऱ्या बाया आरोग्य केंद्रात बाळंतपणाला येतच नव्हत्या. 1999 मध्ये तिथल्या एका केंद्रात बायांना आणि सुइणींनाच विचारून लेबर रूम बदलली. धरायला आढ्याला दोर, टेकायला बाक, नवरा किंवा नात्यातलं माणूस आत, बोलणं क्वेचुआत, वार घरच्यांच्या हातात. केंद्रात होणारी बाळंतपणं 1999 ला 6 टक्के होती, 2007 ला 83 टक्के झाली. 2005 मध्ये तिथल्या सरकारने बसून-उभं राहून बाळंत होण्याबद्दल देशभरासाठी नियमावलीच काढली. जागतिक आरोग्य संघटनाही 2018 पासून म्हणतेय की कुठल्या स्थितीत बाळंत व्हायचं हे बाईला ठरवू द्या.

दुसरं आपल्याच घरातलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्राम उभारताना गावकऱ्यांना विचारलं, दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, पेशंटजवळ आपलं माणूस राहू द्या, असं लोक म्हणाले. म्हणून तिथे वॉर्ड म्हणजे झोपड्या, आणि दवाखान्याला नाव लोकांच्या देवीचं, मा दंतेश्वरी. ती संस्था आहे, सरकारी दवाखान्याला एवढं स्वातंत्र्य नाही, हे मान्य. पण आधी विचारायला परवानगी लागत नाही.

@पर्वतीपायथा, तुमच्या सुनेला बाळंतपणात डिंकाचे लाडू दिलेत ना? मग झालं तर.

---

पर्वतीपायथा :

अळिवाचेही दिले. बरं, शब्द मागे. डॉक्टरांच्या रिक्त पदांचा मुद्दा मात्र सोडत नाही.

---

बाळंतशेपा :

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांत झालं ते सांगते.

जुना एमओ, रात्री दोनला त्या खाटेवर खरंच पडले. काच नव्हे, दाराखालची फट. पाय बर्फ झाले. वॉर्डबॉय मामांनी जुन्या सतरंजीची गुंडाळी करून लावली, खर्च शून्य. कांगारूसाठी जुनी लुगडी फाडून पट्टे केले. परवा एका आजीने नात छातीला बांधून तीन तास झोप काढली, वॉर्डात इतकं घोरणं मी कधी ऐकलं नव्हतं. सोबतिणीचा पडदा लागला. आमच्यातल्या एका सिस्टरला अजून पटलेलं नाही, तिच्या ड्युटीत सोबतीण परत बाहेर जाते. तिच्याशी भांडून काही होणार नाही, तिच्याच ड्युटीत मी मुद्दाम थांबतेय. टेबलाचं अजून काही हललेलं नाही, डॉक्टरांना टाके घालायला तसंच लागतं.

आवारात खड्डा नाही, गाडी येऊन पिशव्या नेते. म्हणून वारेचा प्रश्न तिथेच आहे. परवा एका आजीला निदान शांतपणे सांगितलं, कुठे जाते, कशी जाळतात. ती ऐकून घेऊन गप्प बसली. पटलं असं म्हणणार नाही.

रजिस्टरला आता "न सांगता घरी गेली, कारण :" असं लिहितो, आणि कारण भरल्याशिवाय सही करायची नाही. दोनदा कारण भरलं गेलं. एकदा "घरी दुसरं मूल तापलं", एकदा "नवऱ्याची मजुरी बुडत होती". यातलं एकही आधी माहीत असतं तर गाडी तरी देता आली असती.

आता दोन गोष्टी हव्या आहेत. चुलीच्या शेडचा विषय रुग्ण कल्याण समितीत पुढच्या बैठकीला आहे. कुणाच्या दवाखान्यात असा ठराव मंजूर झाला असेल तर त्याचा मजकूर टाका, आगीच्या अटींसकट, आमचे साहेब तिथेच अडवणार. आणि सिपनाकाठ, तुझ्या आईच्या रेकॉर्डिंगमध्ये "जोर लाव" आहे, पण डोकं बाहेर येताना लागतं ते "आता थांब, जोर लावू नको, तोंडाने श्वास सोड" राहिलंय. ते आधी पाठव. आज रात्री दोघी भरती आहेत.